विथ गिअर लायसन्स, चाळिशी आणि तो आठ

निंबोणी
नमस्कार मंडळी. लायसन्स माझ्याकडे आहे, पण विदाउट गिअरचं. कॉलेजात असताना कायनेटिक होंडावर काढलं आणि तेव्हापासून हातात स्कूटरच. आता सासऱ्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे पुरंदरातली अंजिराची बाग बघायला मलाच जावं लागतं. नवरा नोकरीत अडकलेला. डांबरी रस्ता सुटला की पुढे निव्वळ मुरूम आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. स्कूटरचं बुटकं चाक त्यात शिरलं की हँडल आपलं राहतच नाही. सासऱ्यांची स्प्लेंडर गोठ्याशेजारी झाकून ठेवलेली आहे, तर तीच शिकायची ठरवली.

शिकाऊ लायसन्स निघालं. आधीचं लायसन्स असल्यामुळे संगणकावरची परीक्षा द्यावी लागली नाही. चाळिशी उलटल्यामुळे डॉक्टरांचा १ए फॉर्म मात्र लागला. सरळ रस्त्यावर गाडी आता बऱ्यापैकी येते.

घोडं अडलंय ते आठावर, म्हणजे चाचणीत पाय न टेकता इंग्रजी 8 च्या आकारात गाडी फिरवून दाखवायची असते त्यावर. स्कूटरवर आठ घालताना काही वाटत नाही, स्प्लेंडरवर दुसऱ्या वळणाला हमखास पाय खाली येतो, नाहीतर गाडी बंद पडते. क्लच किती सोडायचा? ब्रेक कुठला? पाय टेकला की नापासच का? घरचे म्हणतात एजंटला पैसे दे आणि मोकळी हो. मला ते करायचं नाहीये. अलीकडे चाचणी दिलेल्यांनी सांगा.

पेठकर
मुळात आठ काढायला लावतात हेच चूक आहे. रविवारी संध्याकाळी तुळशीबागेसमोर लावलेली गाडी कोणालाही हात न लावता बाहेर काढून दाखवा म्हणावं. जो काढेल त्याला थेट ट्रक चालवायचं लायसन्स द्यावं.

रानवाट
आधी तिथे गाडी लावायला जागा मिळवणाऱ्याला काय देणार ते सांगा.

आबा_सातारकर
आमच्या वेळी साहेब खुर्चीवरून उठतही नसत. "त्या चिंचेला वळसा घालून ये" एवढीच परीक्षा. चिंच लांब होती. पोरं वळसा घालून येईपर्यंत साहेबांचा चहा व्हायचा आणि सही आधीच झालेली असायची.

गाडी अर्थात चेतक. डावीकडची मूठच फिरवून गिअर टाकायचे, आणि सकाळी सुरू होईना तर आधी तिला आडवी करून घ्यायची, मग किक. माझ्या धाकट्या भावाने सोळाव्या वर्षी लूनावर लायसन्स काढलं. ती ५० सीसीची होती म्हणून चालायचं. चढावर पायडल मारायला लागायचं हा भाग वेगळा.

निंबोणीताई, तुम्ही शिकताय हे वाचून बरं वाटलं. आमच्या हिला मी कितीदा म्हटलं शीक. ती म्हणते, तुम्ही शिकवणार असाल तर नको.

ऋतुजा_क
आबा, काकूंचं बरोबर आहे :)

ताई, माझी चाचणी दोनेक वर्षांपूर्वी पुण्यात आळंदी रोडच्या कार्यालयात झाली, तीही विथ गिअरचीच. सारथीवर (लायसन्सच्या सरकारी संकेतस्थळावर) वेळ घेतलेली असली तरी सकाळी लवकर जा. गाडीचं आरसी, विमा, पीयूसी सगळं चालू तारखेचं हवं, कारण तुम्ही नेलेल्या गाडीचे कागदही बघतात. हेल्मेट डोक्यात हवं, हँडलला लटकवलेलं नको. पुढेमागे एलची पाटी लावा. बऱ्याच मुली स्कूटरच्या क्लासमधून आल्या होत्या, त्यांना स्कूटरवर घेतलं आणि लायसन्स अर्थातच विदाउट गिअरचं मिळालं. तुम्हाला स्प्लेंडरच न्यावी लागेल.

क्लास चारचाकीचे पैशाला पासरी आहेत, स्कूटरचेही मिळतात, पण बाईला गिअरची मोटरसायकल शिकवणारा मला तरी सापडला नाही. एकाने तर फोनवर विचारलं, "कशासाठी हवीय?" मी म्हटलं, चालवायला.

गॅरेजवाला_नाना
ताई, आधी गाडीकडे बघा, मग स्वतःला दोष द्या. झाकून ठेवलेली गाडी म्हणजे क्लचची केबल सुकलेली असणार. लिव्हरच्या टोकाला साधारण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर मोकळी हालचाल हवी. केबल ताठ असली की क्लच एकदम पकडतो आणि नवशिक्याची गाडी बंद पडते. चेन ढिली असेल तर कमी वेगात झटके बसतात, आठामध्ये तेच झटके पाय खाली आणतात. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर हँडल जड लागतं. हे सगळं गॅरेजवाल्याकडून अर्ध्या तासात होतं.

आता चालवणं. स्कूटर आणि मोटरसायकल यात फरक काय? स्कूटरचा क्लच स्वतःच पकडतो आणि सोडतो. रेस कमी केली की इंजिन चाकापासून सुटतं, त्यामुळे ती कधी बंद पडत नाही. स्प्लेंडरमध्ये ते काम तुमच्या डाव्या हाताचं. क्लच पूर्ण सोडून पहिल्या गिअरमध्ये अगदी हळू गेलात तर इंजिन गुदमरतं. पूर्ण दाबलात तर गाडीला जोरच राहत नाही आणि ती आडवी व्हायला बघते. म्हणून अर्धा क्लच. पहिला गिअर, रेस थोडीशी वर आणि तिथेच स्थिर, क्लच जिथे पकडायला लागतो त्या जागेच्या अलीकडे-पलीकडे बोटं. उतू जायला आलेल्या दुधाखालचा गॅस कसा बारीक-मोठा करता, तसं.

वेग कमी करायचा तो मागच्या ब्रेकने. उजवा पाय पेडलवर हलका ठेवा, सतत किंचित दाबलेला. इंजिन ओढतंय आणि ब्रेक धरतोय, या ओढाताणीत गाडी सरळ उभी राहते. पुढच्या ब्रेकला आठात हात लावायचा नाही. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी त्याच बाजूला कोसळते, मग पाय टेकतोच.

राहिली नजर. सगळे पुढच्या चाकाकडे नाहीतर रेघेकडे बघतात. जिथे जायचंय तिथे बघा. वळण सुरू व्हायच्या आत मान वळलेली पाहिजे. आणि गाडी आत झुकली की आपण तिच्याबरोबर झुकायचं नाही, कंबर थोडी बाहेरच्या बाजूला. वेगात वळताना वेगळं, इतक्या हळू वळताना हे असं.

स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात. इतर बऱ्याच गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. म्हणून चाचणीला जी नेणार तिच्यावरच सराव करा. शेजाऱ्याची पल्सर मागून आणू नका.

ऋतुजा_क
>> उतू जायला आलेल्या दुधाखालचा गॅस
नाना, माहिती एक नंबर. पण समोर बाई आहे म्हटल्यावर लगेच दूध आणि गॅस? आबांना समजावताना काय म्हणाला असतात?

गॅरेजवाला_नाना
आबांना समजावलं नसतं. ते ऐकत नाहीत.

आबा_सातारकर
खरं आहे.

कलमबहाद्दर
पाय टेकण्याबद्दल आणि नापास होण्याबद्दल. पहिली गोष्ट, शिकाऊ लायसन्स मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय चाचणी देता येत नाही, आणि शिकाऊ लायसन्सची मुदत ६ महिने. या दोन टोकांच्या मध्ये तुमची चाचणी बसली पाहिजे. नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावं लागतं. हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ९ मध्ये आहे. म्हणजे आकाश कोसळत नाही. दर वेळी चाचणीचं शुल्क मात्र भरा, केंद्रीय नियमांच्या तक्त्यात ते प्रत्येक वर्गाला ३०० रुपये आहे.

दुसरं, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १५ कोणी वाचलाय का? चाचणीत काय काय बघायचं याची लांबलचक यादी आहे. आरसे नीट करणं, हाताने आणि इंडिकेटरने इशारे देणं, ओव्हरटेक, पादचारी पट्ट्यांवर योग्य वागणं, अचानक थांबवणं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी एक आठ आणि "जा".

आणि हो, शिकाऊ असताना मोटरसायकलवर मागे कोणाला बसवायचं नाही. मागे बसणारा स्वतः लायसन्सवाला आणि शिकवायला बसलेला असेल तरच चालतं. बागेतल्या गड्याला डबलसीट घेऊन गेलात तर तो नियमभंग.

पेठकर
गड्याला लायसन्स असेल आणि तो मागून ओरडत असेल तर ते शिकवणं धरतात का?

कलमबहाद्दर
धरायला हरकत नाही. बहुतेक सगळं शिकवणं तसंच चालतं.

वैनगंगा
काऊन घाबरता ताई, होते सगळं. आमच्याइकडे जिल्ह्याचं आरटीओ लय दूर, म्हणून तालुक्याले महिन्यातून शिबिर लागते. साहेब येतात, मैदानावर चुन्याच्या फक्कीनं आठ आखतात. आता फक्कीचं काय होते, पाच-सहा गाड्या गेल्या का अर्धी फक्की टायरले लागून जाते. मंग मागच्याले आठ दिसतच नाई. कोणी सहा काढते, कोणी शून्य काढते. माह्या पुढच्या पोरानं तं सरळ मैदानाच्या बाहेर जाऊन चहाच्या टपरीपाशी वळवली. साहेब म्हणाले, "कुठं चाल्ला बे?" तो म्हणे, "आठ लय मोठा आखला जी तुमी."

म्हणून माही सला, लवकर नंबर लावा. फक्की ताजी असते.

निंबोणी
वैनगंगाताई (की दादा?), हसून पुरेवाट झाली.

नाना, तुमचं वाचून काल गाडी दाखवली. केबल खरंच सुकली होती, आतून दोन तार तुटलेले निघाले. नवीन टाकल्यावर क्लच इतका मऊ झाला की पहिल्यांदा मला वाटलं तो तुटलाच.

वैनगंगा
दादा आहो जी.

व्यवहारी_माणूस
सगळे शहाण्यासारखं बोलतायत म्हणून मी जरा कडू बोलतो. आमच्या शहरात मी स्वतः गेलो, आठ नीट काढला, तरी पाय टेकल्याचं सांगून परत पाठवलं. टेकला नव्हता. माझ्या पुढचा एजंटकडून आलेला, त्याने पाय टेकत टेकत म्हणजे जवळपास चालतच आठ काढला आणि पास. पुढच्या खेपेला मीही एजंट केला. रजा घेऊन किती हेलपाटे मारणार? तत्त्व वगैरे ठीक आहे, पण ज्याच्या हातावर पोट आहे त्याचा एक दिवस म्हणजे मजुरी असते.

सरळमार्गी
व्यवहारी, तुमचा राग समजतो. पण तुम्ही दिलेल्या पैशातूनच पुढच्या सरळ माणसाचा पाय टेकवला जातो, हे दिसतंय ना? एजंटकडून न आलेल्याला नापास करण्यातच त्या धंद्याची जाहिरात आहे. तुम्ही गेलात, जाहिरात यशस्वी झाली.

आणि घरबसल्या शिकाऊ लायसन्सचं तेच. महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधार जोडून घरूनच परीक्षा देता येते. १५ प्रश्न, ९ बरोबर आले की झालं. एवढी सोय केल्यावर तरी लोकांनी स्वतः द्यावी! तर आमच्या चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे "परीक्षा आम्ही देऊ" अशी सोय आहे. त्याने आत्तापर्यंत अख्ख्या गावाची परीक्षा दिली असेल. त्याचं स्वतःचं लायसन्स आहे की नाही देव जाणे.

व्यवहारी_माणूस
>> जाहिरात यशस्वी झाली
मान्य. पण उपाय मी एकट्याने नापास होत राहणं हा नाही. ट्रॅकवर कॅमेरे आणि सेन्सर लावा, रेघेला चाक लागलं की यंत्रच सांगेल. काही ठिकाणी तसं झालंय. यंत्राला चहा पाजता येत नाही.

पेठकर
तुम्ही अजून आपल्या यंत्रांना ओळखलेलं नाही.

सई_लीड्स
इथली गंमत सांगते. इंग्लंडमध्ये आधी सीबीटी नावाचं एक दिवसाचं प्रशिक्षण. ते झालं की एल पाटी लावून १२५ सीसीपर्यंत दोन वर्षं चालवा. पूर्ण लायसन्स हवं तर लेखी परीक्षा (५० पैकी ४३ बरोबर), धोका ओळखण्याच्या चित्रफिती, आणि मग प्रत्यक्ष चाचणीचे दोन भाग. पहिला भाग बंद मैदानात. त्यात आठ इथेही आहे, बरं का! शंकूंमधून नागमोडी, मग आठ, मग चालत्या माणसाच्या वेगाने संथ चालवणं, यू टर्न. पण तिथेच थांबत नाहीत. नंतर ताशी किमान ५० किलोमीटरच्या वेगाने येऊन अचानक थांबवायचं, आणि पुन्हा त्याच वेगाने येऊन समोरचा अडथळा चुकवायचा. पाचपर्यंत किरकोळ चुका चालतात, गंभीर एकही नाही. दुसरा भाग खऱ्या रस्त्यावर, परीक्षक मागून दुसऱ्या गाडीवर आणि कानात त्याचा आवाज.

भारतात बारा वर्षं बाइक चालवून इथे आले होते. प्रशिक्षकाने पहिल्याच तासाला सांगितलं, "तुला चालवता येतं, थांबवता येत नाही." कारण आपण कधी जोरात ब्रेक दाबून बघतच नाही. हॉर्न दाबतो.

रानवाट
"हॉर्न दाबतो" हे शर्टावर छापून घ्यायला हवं.

टोक्योतला_तात्या
सईताई, तुमच्याकडे निदान जमीन तरी रुंद असते. इकडे एक 'पूल' असतो. १५ मीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद, जमिनीपासून ५ सेंटीमीटर वर. त्यावरून मोटरसायकल न्यायची, आणि हळू न्यायची. ४०० सीसीपर्यंतच्या लायसन्सला किमान ७ सेकंद, त्यावरच्या मोठ्या गाडीला १० सेकंद. चाक खाली उतरलं की चाचणी तिथेच संपली, गाडी जागेवर लावा आणि घरी जा. उंची पाचच सेंटीमीटर, पण वर चढल्यावर कोकणकड्यावर उभं असल्यासारखं वाटतं.

शाळेत पहिल्याच दिवशी आडवी पडलेली गाडी उचलून दाखवायला लावतात. ती उचलता आली तरच पुढचं शिक्षण. मान्यताप्राप्त शाळेतून उत्तीर्ण झालं की सरकारी केंद्रावर पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागत नाही, फक्त लेखी आणि डोळे.

नानांनी सांगितलेलं तंत्र त्या पुलावर शब्दशः तेच आहे. अर्धा क्लच, मागचा ब्रेक, नजर लांब. आमचे सेन्सेई (गुरुजी) जपानीत जे ओरडायचे ते नाना मराठीत सांगतायत.

गॅरेजवाला_नाना
पडलेली गाडी उचलण्यावरून आठवलं. हँडल धरून कंबर वाकवून ओढू नका, पाठ धरेल. हँडल वळवून घ्या, गुडघे वाकवा, गाडी अंगाशी घ्या आणि पायांच्या जोराने उठा. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड खाली करून ठेवा, म्हणजे पलीकडे पडणार नाही. आणि आधी इंजिन बंद. शेतात एकट्या जाणार तर हे आठापेक्षा जास्त कामाला येईल.

दोन_मुलांची_आई
थोडं विषयांतर. मुलगा सोळा पूर्ण झालाय, क्लास लांब आहे. सोळाव्या वर्षी विदाउट गिअरचं मिळतं असं ऐकलं. मग त्याला अ‍ॅक्टिव्हा देता येईल ना? त्याच्या वर्गातले सगळेच नेतात.

कलमबहाद्दर
नाही. सोळाव्या वर्षी मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, तेही पालकांच्या संमतीने. अ‍ॅक्टिव्हा ११० सीसी आहे. आबांच्या लूनाचे दिवस गेले, आज ५० सीसीची पेट्रोल गाडी दुकानात शोधूनही सापडत नाही, त्यामुळे ही सवलत कागदावरच उरल्यासारखी आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. कलम १९९ए. वर्गातले सगळे नेतात हा बचाव त्यात दिलेला नाही.

२५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किमीपेक्षा कमी वेगाच्या बॅटरीच्या गाडीला लायसन्स लागत नाही. तशी घ्यायची तर घ्या, पण विकणाऱ्याने "वेग वाढवून देतो" म्हटलं की तिथून निघा.

दोन_मुलांची_आई
बापरे. सायकलच बरी. धन्यवाद.

फोंडेकार
आमच्या गोंयात मोटरसायकलची टॅक्सी असते, पिवळ्या मडगार्डची. चालवणाऱ्याला आम्ही 'पायलट' म्हणतो. मागे गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाच्या मांडीवर बॅग, बॅगेवर बांगड्यांची पिशवी आणि वर पाऊस. त्या माणसांचा तोल बघून मला कायम वाटतं की आरटीओने आठ शिकवायला त्यांनाच बसवावं.

ताई, लायसन्स मिळाल्यावर मागे माणूस बसवून पुन्हा पहिल्यापासून सराव करा. वजन मागे गेलं की तीच गाडी वेगळी लागते, विशेषतः चढावर सुटताना.

पेठकर
बांगड्या म्हणजे काचेच्या की मासे?

फोंडेकार
बायकोबरोबर जातो तेव्हा दोन्ही.

रात्रपाळी
सगळा धागा वाचला. माझं स्पष्ट मत, आठ हा वेळेचा अपव्यय आहे. मी रोज रात्री हायवेने जातो. जे मरतात ते आठ न आल्यामुळे मरत नाहीत. ट्रकच्या डावीकडून घुसतात, उलट्या दिशेने येतात, हेल्मेट कोपरात अडकवतात. यातलं काय तपासलं चाचणीत? सईताई म्हणतात तशी ब्रेकची परीक्षा घ्या ना.

गॅरेजवाला_नाना
रात्रपाळी, ब्रेकबद्दल शंभर टक्के. पण आठ फालतू नाही. शहरात गाडी पडते ती वेगात कमी आणि सिग्नलला, पार्किंगमध्ये, वाळूवर वळताना जास्त. माझ्याकडे वाकलेला लिव्हर आणि फुटलेला इंडिकेटर घेऊन येणारे बघा, निम्मे जण म्हणतात "उभ्या उभ्या पडली". त्यांना हळू चालवता येत नसतं. आठ तेवढंच तपासतो. पुढचं तपासत नाही हा आठाचा दोष नव्हे.

ब्रेकचं म्हणाल तर रिकाम्या रस्त्यावर स्वतः करून बघा. हँडल सरळ, आधी ३० च्या वेगाने, दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू वाढवत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एकत्रित ब्रेक (एक दाबला की दोन्ही चाकांना लागतो) आणि त्यावरच्यांना एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. निंबोणीताई, तुमच्या सासऱ्यांची गाडी त्याआधीची असेल तर दोन्ही ब्रेक तुमचे तुम्हालाच जुळवावे लागतील, आणि ड्रम ब्रेक पावसात पाणी गेलं की थोडा वेळ पकडत नाही हेही लक्षात ठेवा.

रात्रपाळी
"उभ्या उभ्या पडली" हे पटलं. पण आठ काढता आला की माणूस समजतो आपल्याला गाडी येते, हे माझं दुखणं आहे.

शंकासुर_
आता आरटीओत चाचणीच द्यावी लागत नाही ना? क्लासवालेच सर्टिफिकेट देतात असा मेसेज आला होता, १ जून २०२४ पासून.

कलमबहाद्दर
तो मेसेज अजून फिरतोय वाटतं. सरकारने तेव्हाच खुलासा केला होता की १ जूनपासून काही बदललेलं नाही. २०२१ पासून नियमांत मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची तरतूद आहे. तिथे पूर्ण प्रशिक्षण घेऊन उत्तीर्ण झाल्यास आरटीओतल्या चाचणीतून सूट मिळते. पण तशा केंद्राला हलक्या गाड्यांसाठीच किमान एक एकर जागा लागते. कोपऱ्यावरचा मोटार ट्रेनिंग स्कूलवाला, ज्याचं ऑफिस म्हणजे एक टेबल आणि एक कॅलेंडर, तो यात बसत नाही.

निंबोणी
चाचणी झाली. पास.

तपशील सांगते, कोणाला उपयोग होईल. रांगेत मोटरसायकलवर बाई मी एकटीच. शेजारचा एक मुलगा सारखा सांगत होता, "काकू, स्कूटरची रांग तिकडे आहे." आधी कागद बघितले, मग साहेबांनी हाताचे इशारे विचारले. डावीकडे वळायचा इशारा उजव्याच हाताने गोल फिरवून द्यायचा असतो, तो मला आबांच्या पिढीमुळे माहीत होता. सासऱ्यांनी अंगणात उभं करून पाठ करून घेतला होता. मुलाने डावा हात बाहेर काढला.

आठात पाय टेकला नाही. दुसऱ्या वळणाला गाडी गुदमरायला लागली तेव्हा रेस न वाढवता क्लच केसभर आत घेतला आणि मान वळवून ठेवली, बस. त्या मुलाचा पाय टेकला. साहेबांनी त्याला लगेच नापास केलं नाही, पुन्हा काढायला लावला, आणि दुसऱ्यांदा त्याने काढला. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर, निदान तिथलं, असं की एकदा पाय टेकणं साहेबांवर अवलंबून.

एजंट केला नाही. गेटवर विचारणारे भेटले. एकाने तर "ताई, मोटरसायकलवर अवघड जाईल" असं अगदी काळजीने सांगितलं. कार्ड टपालाने येईल.

ऋतुजा_क
अभिनंदन!! आणि त्या मुलाला परत भेटलात तर सांगा, स्कूटरची रांग तिकडे आहे.

गॅरेजवाला_नाना
वा! आता ऑइल बदलून घ्या. किती वर्षांचं आहे विचारायचं राहून गेलं होतं.

आबा_सातारकर
अभिनंदन. हिला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, नानांचा नंबर घ्या.

व्यवहारी_माणूस
मनापासून अभिनंदन ताई. माझं मत बदललेलं नाही, पण अभिनंदन.

पेठकर
पेढे नकोत, अंजीर चालतील.

चिंचपोकळीकर
धागा उशिरा पाहिला. माझं शिकाऊ लायसन्स पुढच्या आठवड्यात संपतंय आणि चाचणीची वेळ त्यानंतरच्या आठवड्यातली मिळतेय. मुदत वाढवून मिळते का?

कलमबहाद्दर
नवीनच काढावं लागेल, आणि मग पुन्हा ३० दिवस. त्यापेक्षा आज रात्री आणि उद्या सकाळी सारथीवर बघत राहा. लोक वेळ रद्द करतात, अधूनमधून आधीची जागा मोकळी होते. मुंबईत आहात, पत्त्याप्रमाणे कुठलं कार्यालय येतं ते आधी तपासा.

चिंचपोकळीकर
उद्या सकाळी साडेनवाची एक मिळाली! पण भावाच्या गाडीचा विमा मागच्या महिन्यात संपलाय.

ऋतुजा_क
आत्ता काढा, ऑनलाइन लगेच मिळतो. आणि पीयूसी?

चिंचपोकळीकर
थांबा, बघून येतो.